वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधल्या सरळ रेषा आणि कोकणातला सडा

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील शिलावर्तुळे, त्यांच्याभोवतीच्या दंतकथा आणि 'ले लाइन' या नावाने प्रसिद्ध झालेल्या, जुन्या स्थळांना जोडणाऱ्या सरळ रेषा यांविषयी गेल्या अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली, की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्यांनाच द्यावा असे ठरवले. पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : ले लाइन म्हणजे प्राचीन माणसाने ओळखलेल्या, जमिनीखालून वाहणाऱ्या ऊर्जेच्या वाहिन्या होत आणि म्हणूनच त्यांवर देवस्थाने बांधली गेली, असे एका व्हिडिओत ऐकले. यात ऐतिहासिक तथ्य किती आहे?
— एक निवृत्त शिक्षिका, राजापूर तालुका

उत्तर : या रेषांची कल्पना १९२१ सालची आहे आणि तिच्यात ऊर्जा मिसळली गेली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. प्राचीन आहेत त्या शिळा. त्यांना जोडणारी रेघ आधुनिक आहे.

वेल्सच्या सीमेलगत हेरेफर्डशर नावाचा परगणा आहे. तिथल्या हेरेफर्ड शहरात १८५५ साली जन्मलेले आल्फ्रेड वॉटकिन्स यांच्या घरी मद्यनिर्मितीचा आणि पीठगिरणीचा व्यवसाय होता आणि धंद्यानिमित्त फिरताना त्यांनी सारा परगणा पालथा घातला होता. छायाचित्रणातही ते नावाजलेले होते; छायाचित्र घेताना प्रकाश मोजण्याचे त्यांनी तयार केलेले एक छोटे उपकरण त्या काळी चांगले खपले. ३० जून १९२१ रोजी ब्लॅकवर्डाइन या ठिकाणी नकाशा पाहत असताना टेकड्यांचे माथे, मातीचे जुने दफनढिगारे, उभ्या शिळा, खंदकाने वेढलेल्या जागा आणि जुनी चर्चे एका सरळ रेषेत येत आहेत, असे त्यांना जाणवले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सापडलेल्या या विचाराने त्यांना उरलेले आयुष्य पुरले. १९२२ साली त्यांनी त्यावर छोटे पुस्तक काढले, १९२५ साली मोठे, आणि १९३५ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते त्याच शोधात राहिले.

वॉटकिन्स यांचे म्हणणे अगदी व्यवहारी होते. नवाश्मयुगातील लोकांना मीठ, गारगोटी असा माल दूरवर न्यावा लागे. त्यासाठी वाटा आखणाऱ्यांनी एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे नजर लावून सरळ मार्ग ठरवले, वाटेत ढिगारे आणि शिळा यांच्या खुणा केल्या, त्या खुणांना पुढे पावित्र्य आले आणि ख्रिस्ती काळात नेमक्या त्याच जागी चर्चे उभी राहिली, असा तो तर्क होता. त्यात ऊर्जा नाही, स्पंदने नाहीत, गूढ असे काहीच नाही. या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण त्यांनी घरी बसून रेघा ओढल्या नाहीत. ते प्रत्येक जागी चालत गेले, छायाचित्रे काढली आणि इतर शेकडो माणसांना आपल्या गावाभोवतीची जमीन डोळे उघडे ठेवून पाहायला लावली.

त्यांच्या तर्काचा शेवटचा भाग पूर्णपणे निराधारही नव्हता. इ. स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मोपदेशकाला पत्र पाठवून, तिथली जुनी देवळे पाडू नयेत, त्यांतील मूर्ती काढून ती शुद्ध करून घ्यावीत, असे कळवले होते. पूर्व यॉर्कशरमधल्या रडस्टन गावी चर्चच्या आवारात सुमारे साडेसात मीटर उंचीची उभी शिळा आहे, ती ब्रिटनमधली सर्वांत उंच शिळा मानली जाते. डॉर्सेटमधल्या नोल्टन येथे तर पडके चर्च नवाश्मयुगीन वर्तुळाकार बांधाच्या मधोमध उभे आहे. आपल्याकडे मुळात तांदळा किंवा नुसता पाषाण असलेल्या जागी मागाहून घडीव मूर्ती आणि कौलारू देऊळ आले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

अडचण येते ती वाटांच्या बाबतीत. पुरातत्त्वज्ञांनी तेव्हाच दाखवून दिले, की एका रेषेवर बसवलेल्या जागा एकमेकींच्या काळातल्या नाहीत. एखादा दफनढिगारा इसवी सनापूर्वी साडेतीन हजार वर्षांचा असतो, तर शेजारचा खंदक तेराव्या शतकातल्या जमीनदाराच्या घराभोवतीचा असतो. शिवाय पाठीवर ओझे घेतलेला माणूस दलदल, ओढा आणि चढाव यांची पर्वा न करता नाकासमोर चालत नाही. सड्यावरून, म्हणजे उंचावरच्या कातळी माळावरून, खाडीपर्यंत उतरणारी आपली कोणतीही जुनी पाखाडी पाहावी. ती चढ टाळते, पावसाळ्यातल्या वहाळाला वळसा घालते, विहिरीपाशी थांबते आणि गडग्याच्या कडेकडेने वाडीत शिरते, कारण ती डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाच्या पायांनी ठरवलेली असते.

नजरेची सरळ रेषा खरोखर उपयोगी पडते ती समुद्रावर. मासेमारीला गेलेली माणसे परत येताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा, म्हणजे पुढे एखाद्या देवळाचे शिखर आणि त्यामागे डोंगराची एखादी खिंड, एकीमागे एक आणून होडीची दिशा धरतात आणि खडक टाळून खाडीच्या मुखात शिरतात. ही रेषा कोणत्याही नकाशावर छापलेली नसली तरी ती खरी आहे, कारण ती चुकली तर होडी फुटते. कोणत्याही रेषेपाशी पहिला प्रश्न हाच विचारावा, असे मला वाटते : ही रेषा कोणी, कशासाठी वापरत होते काय?

आता ऊर्जेविषयी. १९३६ साली डायन फॉर्च्युन या लेखिकेने आपल्या एका कादंबरीत प्राचीन स्थळांना जोडणाऱ्या शक्तिरेषांची कल्पना योजली. १९६१ साली टोनी वेड या माजी वैमानिकाने या रेषांचा संबंध उडत्या तबकड्यांशी लावला. १९६९ साली जॉन मिशेल यांनी त्यात फेंग शुई या चिनी भूमिविद्येची भर घातली आणि त्यांच्या लेखनानंतरच ले लाइन म्हणजे ऊर्जेची वाहिनी, ही समजूत घरोघर पोहोचली. कॉर्नवॉलच्या टोकापासून सेंट मायकल्स माउंट, ब्रेन्टॉर, ग्लॅस्टनबरी टॉर आणि एव्हबरी अशी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी 'सेंट मायकल रेषा' मिशेल यांनीच लोकप्रिय केली. तिच्यावरची बरीच ठिकाणे देवदूत मायकल यांच्या नावाची आहेत हे खरे. पण उंच टेकडीवरचे प्रार्थनास्थळ मायकल यांना अर्पण करण्याची प्रथा मध्ययुगीन युरोपात सर्वत्र होती, त्यामुळे टेकड्या निवडल्या की मायकल आपोआप येतात.

ही ऊर्जा मोजण्याचा प्रामाणिक प्रयत्नही झाला, आणि तो करणारे या कल्पनेचे समर्थकच होते, ही त्यांच्या मोठेपणाची गोष्ट आहे. पॉल डेव्हरो यांच्या पुढाकाराने १९७७ पासून रोलराइट येथील शिळांजवळ ध्वनिलहरी, चुंबकत्व आणि किरणोत्सर्ग यांची मोजमापे घेण्यात आली. काही शिळांपाशी लहानसहान स्थानिक फरक आढळले, परंतु एका स्थळाकडून दुसऱ्याकडे वाहणारी ऊर्जा काही मिळाली नाही. डेव्हरो यांनी पुढे ती कल्पना सोडून दिली आणि प्रेतयात्रांच्या जुन्या वाटांचा अभ्यास हाती घेतला. त्या वाटांविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : मी आमच्या तालुक्याच्या नकाशावर ग्रामदेवतांची देवळे, कातळशिल्पे, किल्ले आणि जुनी तळी मिळून सुमारे शंभर जागा खुणेने दाखवल्या. चार-चार जागा नेमक्या एका रेषेत येतील अशा अनेक रेषा मिळाल्या. हा निव्वळ योगायोग कसा म्हणता येईल? केदारनाथ ते रामेश्वर शिवमंदिरेही एकाच रेखांशावर आहेतच ना?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही नकाशा घेऊन बसलात, याचे कौतुक वाटते. आता त्याच नकाशावर थोडे गणित करू.

शंभर बिंदूंमधून दोन-दोनच्या जोड्या ४,९५० होतात, आणि प्रत्येक जोडी एक रेषा ठरवते. तुमचा नकाशा १:५०,००० या प्रमाणाचा आणि साधारण ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आहे असे धरू. पेन्सिलीची रेघ एक मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे जमिनीवर ती ५० मीटर रुंद पट्टा झाकते. नकाशाभर ओढलेल्या अशा एका रेघेखाली कागदाचा सुमारे पाचशेवा भाग येतो. म्हणून उरलेल्या ९८ बिंदूंपैकी एखादा तिच्याखाली येण्याची शक्यता सरासरी पाचात एक एवढी पडते. ४,९५० जोड्यांसाठी हा हिशेब केला आणि एकच रेषा तीन वेळा मोजली जाते हे ध्यानात घेऊन तिनाने भागले, तर तीन जागा जोडणाऱ्या तीनशेहून अधिक रेषा कोणीही न आखता मिळतात. चार जागा जोडणाऱ्या रेषाही याच पद्धतीने पंधराच्या आसपास निघतात. बिंदू अगदी डोळे मिटून टाकले तरी एवढ्या रेषा मिळणारच. रेघ थोडी जाड झाली, किंवा देवळाऐवजी देवळाचे तळे मोजायची सवलत घेतली, की ही संख्या झपाट्याने वाढते.

इंग्लंडमध्ये हे काम संख्याशास्त्रज्ञांनी गांभीर्याने केले. कॉर्नवॉलच्या लँड्स एंड भागातील ५२ प्राचीन शिळा त्यासाठी घेतल्या गेल्या. त्यांच्यापासून तीन-तीनचे २२,१०० गट होतात. सायमन ब्रॉडबेंट यांनी १९८० साली आणि डी. जी. केंडल यांनी त्यानंतर या गटांचा अभ्यास केला. शिळा हेतुपुरस्सर सरळ रेषांत मांडल्याचा पुरावा केंडल यांना आढळला नाही. १९८३ साली टॉम विल्यमसन आणि लिझ बेलामी यांनी हाच मुद्दा जमिनीच्या बाजूने मांडला : ब्रिटनच्या भूमीवर जुन्या अवशेषांची दाटी इतकी आहे, की कुठेही पट्टी ठेवली तरी तिच्याखाली काही ना काही येते. कोकणात ही दाटी आणखी जास्त आहे. एका गावात ग्रामदेवता, रवळनाथ, वेताळ, ब्राह्मण, महापुरुष, सतीची जागा आणि सीमेवरचा देवचार एवढी ठिकाणे सहज असतात, आणि गावकऱ्यांच्या लेखी त्यातले एकही दुय्यम नसते.

शिवमंदिरांचा संदेश सर्वांच्या फोनवर फिरतो आहे, म्हणून त्याचेही आकडे देतो. केदारनाथ आणि तिरुवण्णामलै ही दोन्ही पूर्व रेखांश ७९.०७ च्या जवळ आहेत, यात शंका नाही. पण त्याच संदेशातले तिरुवनैकावल ७८.७ वर आहे, चिदंबरम आणि श्रीकालहस्ती ७९.७ वर आहेत आणि काळेश्वरम ७९.९ वर आहे. सर्वांत पश्चिमेकडचे आणि सर्वांत पूर्वेकडचे देऊळ यांच्यात एक अंशाहून अधिक अंतर पडते, म्हणजे जमिनीवर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या रुंद पट्ट्यात देशातली किती तरी शिवालये बसतील. या देवळांचे माहात्म्य त्यांच्या परंपरेत, शिल्पात आणि भक्तांच्या पिढ्यांमध्ये आहे. त्यासाठी नकाशावरच्या रेघेची गरज नाही.

म्हणून जुन्या काळी सरळ रेषा आखल्याच जात नव्हत्या, असा अर्थ घेऊ नका. स्टोनहेंजचा अक्ष उत्तरायणाच्या शेवटी होणाऱ्या सूर्योदयाकडे, आणि उलट दिशेने हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे लावलेला आहे. इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास उभारलेल्या मोठ्या शिळांच्या मांडणीतून तो स्वच्छ दिसतो. कोल्हापूरच्या महालक्ष्मीचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सूर्याशी जुळवलेली वास्तू समजावून सांगावी लागत नाही. डॉर्सेटमध्ये दोन समांतर बांधांनी आखलेला, सुमारे दहा किलोमीटर लांबीचा नवाश्मयुगीन पट्टा आहे. आणि सॉमरसेटच्या दलदलीतली 'स्वीट ट्रॅक' ही वाट तर मला सर्वांत जवळची वाटते. १९७० साली पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणताना रे स्वीट या कामगाराला ती सापडली, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. चिखलात लाकडी दांडे तिरपे रोवून, त्यांच्या फुलीत ओकच्या फळ्या बसवून दलदलीवरून जाणारा अरुंद पूल केलेला होता. लाकडातील वार्षिक वलये मोजून हे ओक वृक्ष इसवी सनापूर्वी ३८०७ ते ३८०६ या हिवाळ्यात किंवा लगतच्या वसंतात तोडले होते, असे ठरवता आले. ती वाट सरळ आहे, कारण दलदलीत फळी जितकी कमी लागेल तितके बरे. ही माणसांनी वापरलेली रेषा आहे आणि तिचे लाकूड हातात घेता येते.

प्रश्न : आमच्याकडे देवचार रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, वेतोबाच्या वहाणा झिजतात, असे मानतात. इंग्लंडच्या खेड्यांत अशा श्रद्धा होत्या काय? तिथल्या शिळांबद्दल लोक काय सांगत?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : आलेल्या पत्रांत मला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच. रेषांपेक्षा या गोष्टी कितीतरी जुन्या आहेत.

ऑक्सफर्डशर आणि वॉरिकशर यांच्या सीमेवर रोलराइटच्या शिळा आहेत. तिथला चुनखडी दगड हवेपावसाने इतका खाल्लेला आहे, की आपल्या जांभ्याच्या चिऱ्याला असतात तशी त्याला आरपार भोके पडली आहेत आणि त्यांवर राखाडी-पिवळे दगडफूल चढले आहे. 'राजाची माणसे' नावाचे वर्तुळ, रस्त्यापलीकडे एकटी उभी असलेली 'राजशिळा' आणि थोड्या अंतरावर डोकी एकत्र आणून उभ्या राहिलेल्या 'कुजबुजणाऱ्या सरदारांच्या' शिळा, असे तीन भाग आहेत. गोष्ट अशी : एक राजा सैन्यासह चालला असता त्याला एक चेटकीण भेटली. सात पावले टाकून तुला लाँग कॉम्प्टन गाव दिसले तर तू इंग्लंडचा राजा होशील, असे ती म्हणाली. राजाने सात ढांगा टाकल्या, पण समोर जमीन उंच झाली आणि गाव दिसले नाही. तिने राजाची, सैन्याची आणि बाजूला कट शिजवत बसलेल्या सरदारांची शिळा केली आणि स्वतः एल्डरचे झाड होऊन तिथेच राहिली. या शिळा कोणालाही सारख्या मोजता येत नाहीत, असेही लोक मानत. एका पाववाल्याने प्रत्येक शिळेवर एक-एक पाव ठेवून मोजणी करण्याचा प्रयत्न केला, तरी त्याचे पाव कमीच पडले, असे सांगतात.

पुरातत्त्वाच्या हिशेबाने सरदारांच्या शिळा म्हणजे इसवी सनापूर्वी ३८०० ते ३५०० या काळातल्या दफनगृहाचे उरलेले दगड आहेत, वर्तुळ त्यानंतर हजारभर वर्षांनी झाले आणि राजशिळा त्याहूनही उशिराची, इसवी सनापूर्वी १५०० च्या सुमाराची आहे. म्हणजे तीन वेगवेगळ्या काळांतल्या वास्तू एका रात्रीच्या गोष्टीत गुंफल्या गेल्या. राजशिळेला आज जो वाकडातिकडा आकार आहे, त्यालाही हीच गोष्ट कारणीभूत आहे. जनावरे हाकत जाणारे व्यापारी आणि लढाईला निघालेले शिपाई ताईत म्हणून तिचे कपचे काढून नेत. श्रद्धेने जागा टिकते आणि श्रद्धेनेच ती झिजतेही, हे तिथे प्रत्यक्ष दिसते.

माणसांची शिळा होण्याच्या गोष्टी इंग्लंडभर आहेत. कॉर्नवॉलमधल्या 'मेरी मेडन्स' या १९ शिळा म्हणजे रविवारी नाचल्याबद्दल दगड झालेल्या मुली. सॉमरसेटमधल्या स्टँटन ड्रू येथे तर अख्खे लग्नाचे वऱ्हाड नाचत नाचत रविवार उजाडेपर्यंत थांबले नाही आणि शिळा झाले. उत्तर कोकणात सह्याद्रीच्या सुळक्यांना नवरा-नवरी अशी नावे आहेत, तेव्हा हे वऱ्हाड आपल्याला अनोळखी नाही. पांडवांनी एका रात्रीत देऊळ कोरायला घेतले आणि कोंबडा आरवल्यावर ते अर्धे टाकले, ही आपली गोष्ट जिथे लागू होते, तिथे इंग्रज खेडूत सैतानाचे नाव घेत. विल्टशरमधली सिल्बरी टेकडी ही इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमारास माणसांनी रचलेली, जवळजवळ ४० मीटर उंचीची मातीची टेकडी आहे. ती कशी झाली? सैतान एक गाव पुरायला मातीचे ओझे घेऊन निघाला होता. वाटेत त्याला एक चांभार भेटला. गाव किती दूर आहे, असे सैतानाने विचारताच चांभाराने झिजलेल्या जोड्यांनी भरलेले पोते दाखवले आणि म्हणाला, तिथून इथवर येईपर्यंत एवढे झिजले. सैतानाने कंटाळून माती तिथेच ओतली.

आरवलीच्या वेतोबाच्या वहाणा आपण पाहिल्या असतीलच. नवस फेडायला आलेले लोक हातभर लांबीचे चामडी जोड वाहतात. रात्री देव गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून तळवे झिजतात, अशी श्रद्धा आहे. इंग्लंडमध्ये अशी राखण एक काळा कुत्रा करी. नव्या स्मशानभूमीत पहिल्यांदा पुरलेला जीव तिची राखण करत राहतो, अशी समजूत असल्याने माणसाच्या आत्म्यावर ते ओझे पडू नये म्हणून आधी कुत्रा पुरत, असे उत्तर इंग्लंडमध्ये सांगितले जाई. पूर्वेकडच्या सफोकमध्ये मात्र काळा कुत्रा भीतीचा आहे. ४ ऑगस्ट १५७७ रोजी वादळात तो बंगे गावच्या चर्चमध्ये शिरला आणि माणसे दगावली, अशी कथा त्याच वर्षी छापली गेली होती. आपला राखणदार वेळेला धाक दाखवतो, पण चुकलेल्या माणसाला वाटेला लावतो असेही म्हातारीकोतारी माणसे सांगतात. हा जिव्हाळा मला इंग्रजी कुत्र्याच्या गोष्टींत क्वचितच आढळला.

आता वर उल्लेखलेल्या प्रेतवाटा. मध्ययुगात दफनाचा अधिकार मुख्य चर्चलाच असे, म्हणून दूरच्या वाड्यांतील लोकांना मृतदेह खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडावा लागे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ॲम्बलसाइडहून रायडलवरून ग्रासमिअरला जाणारी अशी वाट आजही चालता येते आणि तिच्यावर शवपेटी टेकवण्याचा दगड दाखवतात. या वाटांवरून मृतांचे आत्मे फिरतात, अशी समजूत होती. आत्महत्या केलेल्यांना चौरस्त्यावर पुरण्याची रीत तर १८२३ साली कायदा होईपर्यंत चालू होती. आपल्याकडे तिठ्यावर उतारा ठेवतात आणि रात्री तिठा ओलांडताना मागे वळून पाहत नाहीत. वाटा जिथे मिळतात, तिथे घराचे रक्षण संपते, ही जाणीव दोन्हीकडे आहे आणि ती एकमेकांकडून घेतलेली नाही. या वाटा नकाशावर सरळ नसल्या, तरी त्या माणसांच्या मनात आणि पायांत होत्या. शिमग्यातली पालखी ज्या वळणावळणाच्या मार्गाने घरोघर आणि सीमेपर्यंत जाते, त्याची नोंद मला शंभर ले लाइन्सपेक्षा मोलाची वाटते.

प्रश्न : देवाचे गोठणे येथे कातळशिल्पावर होकायंत्र ठेवले की दिशा चुकते. ही भूऊर्जा नव्हे काय?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : होकायंत्र चुकते, ही गोष्ट खरी आहे आणि पाहणाऱ्याला ती चकित करते. सड्यावर कोरलेल्या मानवाकृतीपाशी सुई उत्तर सोडते आणि काही पावले दूर गेले की पुन्हा ताळ्यावर येते. याचा अर्थ कारण त्या जागच्या खडकातच आहे. जांभा हा लोहयुक्त खडक आहे आणि त्याखालच्या बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिजे असतात. उघड्या कातळावर वीज पडली तर तिच्या प्रवाहाने खडकाचा छोटा भाग तीव्रपणे चुंबकीय होतो, हे भूभौतिकशास्त्रात चांगले ज्ञात आहे, आणि आपल्या सड्यांवर वैशाखात आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात हे आपण जाणता. पाहायचे असेल, तर खिशातला फोन आणि किल्ल्या दूर ठेवून मीटर-मीटरवर सुईची दिशा कागदावर उतरवावी. बदल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आपोआप स्पष्ट होईल. फक्त आकृतीवर पाय देऊ नये.

प्रश्न : आमच्या सड्यावर चिरेखाणीचे काम जवळ येत आहे आणि तिथे कोरलेल्या रेषा आहेत असे गुराखी सांगतात. इंग्लंडमध्ये जुन्या शिळा नाशापासून कशा वाचल्या?
— एक शेतकरी, लांजा तालुका

उत्तर : पुष्कळ वाचल्या नाहीत. एव्हबरीच्या प्रचंड वर्तुळातल्या शिळा अठराव्या शतकात गावकऱ्यांनी खाली आग पेटवून तापवल्या, वरून गार पाणी ओतले आणि घणाने फोडून घरांना वापरल्या. विल्यम स्टुकली हे अभ्यासक त्याच वेळी तिथे येऊन रेखाटने करत होते, म्हणून हरवलेल्या कित्येक शिळांच्या जागा आज कळतात. १८७० च्या दशकात तिथे घरे होऊ लागली, तेव्हा जॉन लबॉक यांनी ती जमीन विकत घेतली आणि पुढे त्यांच्याच प्रयत्नाने १८८२ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला ब्रिटिश कायदा झाला. स्टोनहेंज १९१५ साली लिलावात ६,६०० पौंडांना विकले गेले. घेणारे सेसिल चब यांनी १९१८ साली ते राष्ट्राला दिले.

आपल्या कातळशिल्पांपैकी कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपी ही महाराष्ट्रातील आठ स्थळे गोव्यातील फणसायमाळसह २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. पण यादीत नसलेले सडे खूप आहेत आणि चिऱ्याच्या यंत्राला यादी दिसत नाही. म्हणून आपण थांबू नये. गुराख्याला सोबत घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना सड्यावर जावे. त्या उजेडात उथळ रेषाही उठून दिसतात. खडू, चुना किंवा रंग रेषांत भरू नये. पालापाचोळा हाताने किंवा मऊ झाडूने दूर करावा, शेजारी मोजपट्टी ठेवून वरून आणि चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश लिहावेत आणि गट क्रमांक सातबाऱ्यावरून पाहावा. त्या जागेला वाडीत काय म्हणतात आणि तिच्याबद्दल काय सांगतात, हे सांगणाऱ्याच्याच बोलीत, तारखेसह उतरवून घ्यावे. हे सर्व ग्रामसभेत ठेवून ठराव घ्यावा आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालय, तहसीलदार आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे रत्नागिरी येथील कार्यालय या तिन्ही ठिकाणी देऊन पोच घ्यावी. खाणीचा परवाना ज्या गटाचा आहे तो आणि आपला गट एकच आहे काय, हे त्याआधी तलाठ्याकडे तपासून घ्यावे, म्हणजे अर्जात नेमका गट क्रमांक लिहिता येईल.